किती माणसे मेल्यावर लष्करी कारवाई अनैतिक ठरते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयात दर रविवारी जमणाऱ्या अभ्यासगटाचे एक सदस्य लिहितात की, गाझातील युद्धावर त्यांच्याकडे लागोपाठ तीन बैठका झाल्या आणि तिसऱ्या बैठकीनंतर दोन जुने मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. गटातले निवृत्त सुभेदार म्हणाले, युद्धात माणसे मरतातच, आणि ज्यांनी कधी वर्दी घातली नाही त्यांनी सैनिकाला नीती शिकवू नये. एक प्राध्यापिका म्हणाल्या, इतकी मुले मेल्यानंतर आणखी पुरावा तो कोणता हवा? प्रश्नकर्ते विचारतात: "सामान्य नागरिकांचे किती मृत्यू झाले म्हणजे कारवाई अनैतिक ठरते, याचे काही मोजमाप आहे का? नसेल तर आम्ही वाद तरी कशाच्या आधारावर घालायचा?"

मी बावीस वर्षे तोफखान्यात अधिकारी होतो. निवृत्तीनंतर कायद्याची पदवी घेतली आणि गेली काही वर्षे इथेच कोल्हापुरात विद्यार्थ्यांना युद्धाचे कायदे शिकवतो. त्यामुळे माझे उत्तर निम्मे तोफेजवळचे आणि निम्मे फळ्याजवळचे असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

सरळ उत्तर असे की तसा आकडा नाही. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांत नाही आणि १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्येही नाही. काही सैन्यांच्या अंतर्गत सूचनांत आकडे सापडतात; २००३ च्या इराक युद्धात ज्या हल्ल्यात तीसहून अधिक नागरिक मरण्याची शक्यता दिसे, त्याला अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांची मंजुरी लागत असे. परंतु असा आकडा फक्त सही कोणाची लागेल एवढेच ठरवतो. एकोणतीस माणसे मेली तर चालेल आणि एकतिसावे चालणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. दुर्दैवाने वर्तमानपत्रांत तो तसाच वाचला जातो.

तुमच्या गटाची अडचण मला आकड्याची वाटत नाही. तीन निरनिराळे प्रश्न एकाच वेळी बोलले जात आहेत, ही खरी अडचण आहे. युद्ध करायला कारण होते का, हा पहिला. ते करताना कोणावर, कशाने आणि किती मारा केला, हा दुसरा. चूक किंवा गुन्हा झाल्यावर हिशेब कोणी आणि कसा घेतला, हा तिसरा. सुभेदारसाहेब पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत, प्राध्यापिकाबाई दुसऱ्याचे, आणि तिसरा कोणी विचारलेलाच नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात आणि तरीही भांडू शकतात, कारण समोरच्याने आपल्याच प्रश्नाचे उत्तर चुकवले असे दोघांनाही वाटते.

कायदा पहिला आणि दुसरा प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि सुमारे २५० जणांना ओलीस धरून नेले. त्यानंतर इस्रायलला शस्त्र उचलण्याचे कारण होते, हे बहुतेक जण मान्य करतील. पॅलेस्टिनी लोकांच्या अनेक दशकांच्या गाऱ्हाण्यांनाही आधार आहे, हेही बहुतेक जण मान्य करतील. परंतु पहिल्या विधानाने गाझातल्या एखाद्या इमारतीवरचा बॉम्ब आपोआप योग्य ठरत नाही आणि दुसऱ्याने किबुत्झमधल्या, म्हणजे इस्रायलच्या सामुदायिक शेतीवस्तीतल्या, घरात शिरून केलेली एकही हत्या योग्य ठरत नाही. ज्याची बाजू न्याय्य त्याला जास्त मोकळीक, असा नियम एकदा मान्य केला की तो कोणालाच बांधत नाही, कारण आपली बाजू अन्यायाची आहे असे मानून जगात कोणीही लढत नाही.

इथे मी विद्यार्थ्यांना सौप्तिक पर्वाची आठवण करून देतो. द्रोणांना कपटाने मारल्यानंतर अश्वत्थामा रात्री झोपलेल्या पांडवांच्या छावणीत शिरायला निघतो. झोपलेल्यांना मारू नये असे कृपाचार्य त्याला परोपरीने सांगतात, तेव्हा तो उत्तर देतो की धर्माचा बांध पांडवांनीच आधी शंभर ठिकाणी फोडला आहे. आजच्या प्रत्येक युद्धात प्रत्येक बाजूचा प्रवक्ता नेमके हेच बोलतो. जिनिव्हा करारांच्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या ५१ व्या कलमात कृपाचार्यांची बाजू लिहिली गेली आहे: एका पक्षाने नियम मोडले म्हणून दुसरा नागरिकांविषयीच्या जबाबदारीतून मोकळा होत नाही. भारत, इस्रायल आणि अमेरिका हे तिन्ही देश या प्रोटोकॉलने बांधलेले नाहीत, हे तुमच्या गटात कोणीतरी नक्की काढील. त्याचे म्हणणे खरे आहे. परंतु नागरिक आणि लढणारा यांत फरक करणे, मारा लाभाच्या मानाने अवाजवी नसणे आणि हल्ल्याआधी खबरदारी घेणे हे तीन नियम प्रथेने सर्वांवर बंधनकारक मानले जातात आणि तिन्ही देशांची सैन्ये ते शिकवतात. मी स्वतः ते शिकलो तेव्हा त्यांचे कलम क्रमांक मला ठाऊकही नव्हते.

दुसरा प्रश्न हाच वादाचा गाभा असल्याने त्यावर थोडे थांबतो आणि माझ्याच नोकरीतला एक प्रसंग सांगतो.

सन २००१ चा सप्टेंबर होता. नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी व्हायला अजून दोन वर्षे होती आणि दोन्हीकडून रोज गोळाफेक चालत असे. मी ओपीवर होतो, म्हणजे पुढच्या कड्यावरील निरीक्षण चौकीत. समोरच्या उतारावर पंधरा-वीस घरांची वस्ती होती आणि तिच्या मागच्या घळीतून एक उखळी तोफ आमच्या रसदीच्या वाटेवर तीन-चार गोळे टाकून गप्प बसे. जागा कळली होती, अंतर कळले होते, आमच्या तोफा तयार होत्या. दुर्बिणीतून एका घराचे मातीचे सपाट छप्पर स्पष्ट दिसत होते. त्यावर मक्याची कणसे वाळत घातली होती आणि रोज सकाळी एक बाई येऊन ती उलटीपालटी करून जाई. वस्ती रिकामी झाली आहे असे आमच्या कागदावर लिहिलेले होते. कणसे मात्र रोज उलटली जात होती.

ज्यांनी तोफ चालवलेली नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. एकाच तोफेतून, एकाच मापाने सोडलेले दहा गोळे एकाच खड्ड्यात पडत नाहीत. दारूचे तापमान, वारा, नळीची झीज, अशा कारणांनी ते पसरतात आणि हा पसारा गोल नसून लांबट असतो: माऱ्याच्या रेषेच्या दिशेने जास्त, आडवा कमी. आमच्या तोफा, ती वस्ती आणि ती घळ एका रेषेत होत्या. म्हणजे घळीवर नेम धरून सोडलेला गोळा थोडा जरी आखूड पडला, तरी तो छपरांवर पडणार होता. हाच मारा बाजूच्या विभागातील तोफांनी तिरक्या रेषेने केला असता, तर आखूड पडलेला गोळा रिकाम्या शेतात गेला असता.

मी बाजूच्या तोफांची मागणी केली. परवानगी वरून यायची होती आणि तिला जवळजवळ एक दिवस लागला. तारेवर एका वरिष्ठांनी मला विचारले की मी नेमका कोणत्या बाजूने लढतो आहे. त्या दिवसभरात उखळीचे आणखी दोन मारे आले आणि रॉकेलचे डबे वाहणाऱ्या आमच्या एका पोर्टरचा पाय गुडघ्याखाली गेला. रात्री तिरक्या रेषेने मारा झाला आणि उखळी थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई छपरावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली.

मी किती शहाणपणाने वागलो हे सांगण्यासाठी ही हकिकत लिहिलेली नाही. तो पोर्टर वीस-बावीस वर्षांचा होता आणि माझ्या खबरदारीची किंमत त्याने दिली. त्याला कोणी विचारले नव्हते. युद्धनीतीचा खरा पेच इथे आहे. शत्रूच्या बाजूच्या, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसाचा धोका कमी करण्यासाठी आपल्या माणसांनी किती धोका पत्करावा? थोडाही पत्करू नये असे म्हणणारा माणूस कायद्याच्या बाहेर गेला. हवा तेवढा पत्करावा असे म्हणणाऱ्याने कधी कोणाच्या घरी तार पाठवलेली नाही. कायदा 'शक्य ती सर्व खबरदारी' असे म्हणतो, आणि 'शक्य' या शब्दात त्या दिवशी हाताशी कोणत्या तोफा होत्या, किती वेळ होता, काय दिसत होते, हे सगळे येते. म्हणूनच पुष्कळ प्रश्नांना मी वर्गात 'परिस्थितीवर अवलंबून' असे उत्तर देतो, आणि विद्यार्थी वैतागले तरी त्यांनी पुढे 'कोणत्या परिस्थितीवर?' असे विचारावे ही अपेक्षा ठेवतो.

आता प्रमाणाच्या नियमाकडे येऊ, कारण तुमच्या गटात त्याचाच सर्वांत जास्त विपर्यास झालेला दिसतो. तुमच्याकडे कोणी म्हणाले की, एका बाजूची बाराशे माणसे मेली आणि दुसऱ्या बाजूची इतकी हजार, म्हणजे प्रमाण सुटले. या नियमात दोन बाजूंच्या मृतांची तुलना नाही. एका विशिष्ट हल्ल्यातून अपेक्षित असलेला ठोस व प्रत्यक्ष लष्करी लाभ एका पारड्यात, आणि त्याच हल्ल्यात अपेक्षित असलेली नागरिकांची हानी दुसऱ्या पारड्यात, अशी ती तुलना आहे. 'अपेक्षित' हा शब्द महत्त्वाचा. निर्णय घेणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत होते आणि थोडे कष्ट घेतले असते तर काय कळू शकले असते, यावर तो तोलला जातो. म्हणून एकही माणूस न मेलेला आंधळा मारा बेकायदा असू शकतो, आणि दहा माणसे मेलेला मारा कायदेशीर असू शकतो, हे ऐकायला कितीही कठोर वाटले तरी.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी जबालियाच्या दाट वस्तीवर झालेला हवाई हल्ला घ्या. आपण हमासच्या एका कमांडरला लक्ष्य केले आणि इमारती खालच्या भुयारांमुळे कोसळल्या, असे इस्रायलने सांगितले. स्वतंत्र नोंद ठेवणाऱ्यांनी शंभराहून अधिक नागरिक मेल्याचे म्हटले. इथे विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत. त्या माणसाच्या मरणाने त्या आठवड्यात लढाईत नेमका काय फरक पडणार होता? दिवसाची तीच वेळ का निवडली? त्याहून लहान बॉम्ब किंवा दुसरी जागा शक्य होती का? वस्तीत किती माणसे आहेत याचा अंदाज कोणी आणि कधी केला? माझे मत विचाराल तर, एका कमांडरसाठी इतकी माणसे हे मला समर्थनीय वाटत नाही. परंतु हे मत मी या प्रश्नांवरून बनवले आहे आणि त्यांची वेगळी उत्तरे पुढे आली तर ते बदलायला तयार आहे. तुमच्या गटात अशी तयारी दोन्ही बाजूंकडून आधी वदवून घ्या; ती नसेल तर तीन काय, तीस बैठका घेऊन काही निघणार नाही.

मग एकूण आकड्याला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि इथे प्राध्यापिकाबाईंची बाजू मला बळकट वाटते. गाझातील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे ऑक्टोबर २०२५ पर्यंत मृतांची संख्या ६७,००० च्या पुढे गेली होती. या नोंदीत लढणारे आणि नागरिक वेगळे केलेले नाहीत, हे सांगायलाच हवे. तसेच तिच्यात बायका आणि मुले फार मोठ्या संख्येने आहेत, हेही सांगायला हवे. एका हल्ल्याविषयी आकडा फारसे काही सिद्ध करीत नाही. मात्र तीच 'चूक' शंभरदा झाली, तर तिला चूक म्हणता येत नाही. निर्णय घेणाऱ्याला आता अनुभवाने माहीत असते की अशा वस्तीवर असा बॉम्ब टाकला की काय होते; ते माहीत असूनही पद्धत तीच राहिली, तर ती पद्धतच निवडलेली असते. आमच्याकडेही एकदा गोळा आखूड पडला तर तोफ तपासत, आणि तिसऱ्यांदा पडला तर अधिकारी तपासत.

काही गोष्टींना तर तराजू लावायचाच नसतो, आणि वादात हे हटकून विसरले जाते. ओलीस धरणे, घरात शिरून नि:शस्त्र माणसांना ठार मारणे, नागरी लोकांना उपाशी ठेवणे हे युद्धाचे साधन म्हणून वापरणे, यांत 'लष्करी लाभ किती होता' हा प्रश्न विचारण्याची परवानगीच नाही. २ मार्च २०२५ पासून सुमारे अकरा आठवडे गाझात अन्न आणि औषधे जाऊ दिली नाहीत आणि ऑगस्टमध्ये गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने जाहीर केले. ही नाकेबंदी मला कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय वाटत नाही, जसे ७ ऑक्टोबर मला कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय वाटत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ या एकाच दिवशी इस्रायलचे पंतप्रधान नेतन्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा लष्करी प्रमुख देईफ यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढले. देईफ मारला गेल्याचे पुढे निश्चित झाले. दोन्ही बाजूंची नावे एकाच दिवशी आल्याने दोन्ही बाजू संतापल्या. मला त्यात काही विसंगत दिसले नाही.

वंशसंहार हा शब्द तुमच्या दुसऱ्या बैठकीत आला आणि तिथून आवाज चढले, असे तुम्ही लिहिले आहे. त्या शब्दाची कायदेशीर कसोटी मृतांच्या संख्येवर नसून एखादा समूह नष्ट करण्याच्या हेतूवर आहे. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये दाखल केलेला खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात प्रलंबित आहे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये वंशसंहार होत असल्याचा निष्कर्ष काढला आणि इस्रायलने तो फेटाळला. तुमच्या गटाने हा शब्द काही आठवडे बाजूला ठेवावा असे मी सुचवीन, कारण युद्धगुन्हा सिद्ध व्हायला त्याची गरज नाही, आणि तो उच्चारला की समोरचा माणूस पुढचे काही ऐकत नाही.

मानवी ढालीविषयी दोन शब्द. शत्रू वस्तीत लपतो, रुग्णालयाखाली शस्त्रे ठेवतो, हा आरोप अनेकदा खरा असतो आणि असे करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. परंतु ज्याला ढाल केले तो माणूस त्यामुळे लक्ष्य होत नाही. तो नागरिकच राहतो आणि त्याला पारड्यात पूर्ण मोजावे लागते. रुग्णालयाचा गैरवापर झाला तरी आधी इशारा आणि तो पाळायला रास्त वेळ द्यावा लागतो. माझ्या प्रसंगातील उखळीही वस्तीच्या आडोशानेच बसवलेली होती. कणसे उलटणाऱ्या बाईने ती तिथे बसवलेली नव्हती.

वादात पुरावा म्हणून जे येते त्याविषयी मात्र थोडे कडक व्हायला सांगतो. पहिल्या दोन दिवसांची बातमी कोणाचीही असो, ती कच्ची धरा. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला. इस्रायली हल्ल्यात पाचशे ठार, ही बातमी तासाभरात जगभर गेली. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत वाहनतळावरचा खड्डा लहान होता. विमानातून टाकलेल्या मोठ्या बॉम्बचा खड्डा असा नसतो, हे तोफखान्यातला कोणताही हवालदार सांगेल. पुढे बहुतेक स्वतंत्र तपासण्यांचा कल पॅलेस्टिनी बाजूने सोडलेले आणि भरकटलेले रॉकेट याकडे झुकला. हे वाचून सुभेदारसाहेब खूश होण्याआधी काबूलचे उदाहरणही वाचा. २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकेने ड्रोनने एक पांढरी मोटार उडवली, आत्मघातकी हल्लेखोर मारला असे सांगितले आणि वरिष्ठ सेनानींनी हल्ला योग्य असल्याचे म्हटले. १७ सप्टेंबरला त्याच सैन्याने कबूल केले की मेलेले दहाही जण नागरिक होते आणि त्यांत सात मुले होती. त्या मोटारीत स्फोटके म्हणून जे दिसले ते पाण्याचे कॅन असावेत असे पत्रकारांच्या तपासात आढळले. खोटी किंवा चुकीची पहिली बातमी कधी मरणाऱ्यांच्या बाजूने येते, कधी मारणाऱ्यांच्या. आपल्या गावाने जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून उसळलेली दंगल पाहिली, ती सर्वांना आठवत असेल, त्यामुळे कच्च्या मजकुराची किंमत कोल्हापूरकरांना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी एक सूचना करतो: गाझा काही दिवस बाजूला ठेवा आणि कुंदुझ घ्या. तिथे आपल्यापैकी कोणाचा भाऊबंद नाही, आणि तपासाचे कागद उपलब्ध आहेत. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अफगाणिस्तानातील कुंदुझ शहरात अमेरिकेच्या तोफधारी विमानाने एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेच्या रुग्णालयावर सुमारे अर्धा तास मारा केला आणि ४२ माणसे मेली. रुग्णालयाने आपले अक्षांश-रेखांश आधीच कळवले होते. विमान घाईने उडाले आणि मारा न करण्याच्या ठिकाणांची यादी कर्मचाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. वाटेत क्षेपणास्त्राच्या भीतीने ते बाजूला वळले, त्यामुळे दिलेल्या ठिकाणाचे आकडे यंत्रात घातल्यावर समोर रिकामे शेत दिसू लागले. मग खालून मिळालेल्या तोंडी वर्णनाशी जुळणारी मोठी इमारत त्यांनी शोधली. ती रुग्णालयाची निघाली. अमेरिकी सैन्याने तपासाअंती नियम मोडल्याचे मान्य केले, सोळा जणांवर खात्यांतर्गत कारवाई केली, आणि हेतू नव्हता म्हणून युद्धगुन्हा नाही असे ठरवले.

गटातल्या प्रत्येकाला यातला एक टप्पा द्या: विमान उडण्याची वेळ, न पोचलेली यादी, रिकामे शेत, तोंडी वर्णन, मारा चालू असताना रुग्णालयातून आलेले फोन. प्रत्येकाने एवढेच सांगावे की त्या टप्प्यावर त्याला काय दिसत होते, काय विचारता आले असते, आणि थांबण्याची किंमत काय होती. मी वर्गात हे करतो तेव्हा 'ते मुद्दाम केले' म्हणणारे आणि 'युद्धात होतेच' म्हणणारे दोघेही हळूहळू त्या रिकाम्या शेतापाशी येऊन थांबतात, कारण आकडे शेत दाखवत असताना इमारत शोधायला निघणे ही ती जागा आहे. हे एकदा जमले की गाझातील एकेक हल्ला याच पद्धतीने घेता येईल. त्या वेळी आणखी एक कसोटी लावा: तेच वाक्य दोन्ही पक्षांची नावे उलटवून म्हणा आणि ते तरीही तुम्हाला मान्य आहे का ते पाहा.

नावे उलटवताना आपलेही नाव घालावे लागते. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंग गावाजवळ कोळशाच्या खाणीतून पिकअपने घरी निघालेले सहा मजूर अतिरेकी समजून आपल्याच सैन्याच्या तुकडीने मारले. त्यानंतर उसळलेल्या संतापात आणखी माणसे गेली, नागरिकांची एकूण संख्या चौदा झाली आणि एक जवानही मारला गेला. राज्याच्या पोलिसांनी तीस जणांवर आरोपपत्र ठेवले, केंद्राने खटल्याची परवानगी नाकारली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई बंद केली. वर म्हटलेला तिसरा प्रश्न, म्हणजे हिशेबाचा, तो हाच. सैन्याला असलेल्या विशेष अधिकारांबरोबर 'काय करावे, काय करू नये' ही यादी पाळणे बंधनकारक आहे, असे त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले होते. मी त्याच सैन्याची पेन्शन घेतो आणि ओटिंगविषयी बोलताना माझा आवाज खाली जातो. दुसऱ्या सैन्याविषयी बोलताना तो किती वर गेला होता, हे मला तेव्हाच कळते.

चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र तुमच्या बैठकीत वाचले गेले, हे चांगले झाले. रयतेचे धान्य, गवत, भाजी ओरबाडाल तर लोक म्हणतील याहून मोगल बरे, असा त्याचा आशय आहे. एक सावधगिरीची सूचना मात्र करतो. ते पत्र आपल्या मुलखातील रयतेविषयी आहे आणि त्यावरून आधुनिक युद्धाचे सगळे कायदे काढता येणार नाहीत. त्याहून जवळचे काही हवे असेल तर गटाला घेऊन वळिवड्याला जा. दुसऱ्या महायुद्धात घरादारातून उचलून सोव्हिएत प्रदेशात नेलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिली. कोणत्याही हल्ल्याच्या हिशेबात ती आली नसती, कारण ती मेली नाहीत. नागरिकांची हानी मोजताना विस्थापितांचा रकाना आपण रिकामा सोडतो, हे तिथे उभे राहिल्यावर लक्षात येते.

शेवटी सुभेदारसाहेबांचा मुद्दा: वर्दी न घातलेल्यांनी बोलू नये. गोळा किती पसरतो, रात्री दुर्बिणीतून काय दिसते आणि काय दिसत नाही, भीतीने माणूस काय ऐकतो, हे वर्दीतल्या माणसाला जास्त कळते आणि चर्चेत त्याला ते सांगण्याचा मान आधी मिळाला पाहिजे. परंतु १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या रणांगणावरील जखमी पाहून ज्याने रेडक्रॉसची ही सगळी चळवळ सुरू केली, तो ऑन्री द्युनाँ स्वित्झर्लंडचा व्यापारी होता, आणि छपराखाली असलेल्या माणसालाही गोळ्याविषयी काही माहिती असते. सुभेदारसाहेबांना माझा नमस्कार सांगा आणि ते कोणत्या रेजिमेंटचे ते विचारा. तोफखान्याचे असतील तर गोळ्यांच्या लांबट पसाऱ्याची आकृती पुढच्या रविवारी फळ्यावर त्यांनाच काढायला लावा, आणि वस्ती कुठे दाखवायची ते प्राध्यापिकाबाईंना ठरवू द्या.